थोडक्या पाण्यातले मासे

वैशाख पौर्णिमा जवळ आली की मराठीत एक जुना वाद नव्याने पेट घेतो. सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले? एका पक्षाच्या मते म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून त्याचे मन संसारातून उडाले. दुसऱ्या पक्षाच्या मते ही मागाहून रचलेली भाकडकथा आहे. खरे कारण सिद्धार्थाचे शाक्य कुळ आणि शेजारचे कोलिय कुळ यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. युद्धाच्या ठरावाला त्याने विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या (घर सोडून फिरणाऱ्या संन्याशाचे जीवन) पत्करली. पहिल्या पक्षाला दुसरा धर्मात राजकारण घुसडणारा वाटतो, दुसऱ्याला पहिला बुद्धाला पळपुटा ठरवणारा वाटतो, आणि दोन्हीकडची मंडळी समोरच्याकडे पुरावा मागताना स्वतःच्या कथेचा पुरावा मात्र तपासत नाहीत. माझे म्हणणे असे, की हा वाद मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे. जरा, व्याधी आणि मरण हे खासगी दुःख, पाण्यासाठी उगारलेली शस्त्रे हे सामाजिक दुःख, आणि बुद्धाने या दोहोंपैकी एकच निवडले असले पाहिजे, हे दोन्ही पक्षांचे समान गृहीत आहे. ज्या शिकवणुकीसाठी दोघे भांडतात, तिच्यात नेमके हेच गृहीत टिकत नाही.

जुन्या सुत्तांनी, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांच्या पाली पाठांनी, खुद्द बुद्धाच्या तोंडी काय घातले आहे, ते आधी पाहू. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातील अरियपरियेसन सुत्तात तो भिक्खूंना सांगतो, की ऐन तारुण्यात, केस काळेभोर असताना, आईवडिलांची इच्छा नसताना आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून आसवे वाहत असताना आपण केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रे घातली आणि घराबाहेर पडलो. मध्यरात्रीचे प्रयाण येथे नाही. कंथक घोडा नाही, छन्न सारथी नाही, निजलेली पत्नी नाही. चार दृश्ये नाहीत आणि रोहिणीही नाही. या घरातून निघालेल्या तरुणाचे वर्णन पुढे एकाच शब्दात येते: 'किंकुसलगवेसी', म्हणजे कुशल ते काय याचा शोध घेणारा. पुढे कुसिनारेला, आयुष्याच्या अखेरच्या रात्री, सुभद्द नावाचा परिव्राजक भेटायला येतो तेव्हाही बुद्ध त्याला हेच सांगतो, की वयाच्या 29 व्या वर्षी कुशलाच्या शोधात मी बाहेर पडलो. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने आपल्या आयुष्याच्या सर्वांत मोठ्या निर्णयाचे दिलेले कारण इतके साधे आहे आणि या वादात त्याचा उच्चार क्वचितच होतो, याचे मला नेहमी नवल वाटते. चित्र रंगवता येईल असे त्यात काही नाही, हे बहुधा त्याचे कारण असावे.

मग ही दोन चित्रे आली कोठून? दोन्हींची बीजे जुन्या वाङ्मयात आहेत आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. चार दृश्यांची तयार कथा दीघ निकायातील महापदान सुत्तात आढळते, पण तेथे ती गौतमाची नसून विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहे. गौतमाला ती पुढे अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' या काव्याने आणि जातकांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या, प्रास्ताविक निदानकथेने चिकटवली. गौतमाच्या स्वतःच्या तोंडी जे येते ते अंगुत्तर निकायातील सुखुमाल सुत्तात. तेथे तो आपल्या सुकुमार वाढणुकीचे वर्णन करतो: वडिलांच्या घरी तीन ऋतूंसाठी तीन प्रासाद, कमळांची तळी, डोक्यावर सदैव छत्र. आणि मग सांगतो, की सामान्य माणूस स्वतः म्हातारपणाला बांधलेला असूनही दुसऱ्या म्हाताऱ्याला पाहून किळस करतो. मीही जराधर्मी, मग मी तशी किळस करणे मला शोभणार नाही. हा विचार करता करता तारुण्याचा मद गळाला, तसाच आरोग्याचा गळाला आणि जीविताचाही गळाला. वाक्याचा रोख नीट पाहावा. येथे स्वतःच्या मरणाची भीती सांगितलेली नाही. येथे सांगितली आहे ती दुसऱ्याच्या देहाबद्दलची तुच्छता आणि तिची लाज. धडधाकट माणसाने आजाऱ्याकडे आणि तरुणाने वृद्धाकडे वरून पाहणे, यालाच तो मद म्हणतो. आणि या मदाने धुंद झालेला माणूस काया, वाचा आणि मन या तिन्हींनी दुराचरण करतो, असे तेच सुत्त पुढे बजावते. ज्याला आपण निव्वळ खासगी वैराग्य समजत होतो, तो विचार पहिल्याच पावलाला दुसऱ्या माणसापाशी येऊन पोहोचतो.

आता दुसरे बीज. सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग हा पाली साहित्याचा अतिशय जुना भाग मानला जातो. तिपिटकात, म्हणजे पाली धर्मग्रंथांच्या संग्रहात, अन्यत्र त्याचा नावाने उल्लेख आहे आणि त्याच्यावरील निद्देस ही टीकासुद्धा तिपिटकातच समाविष्ट झाली आहे. त्यातील अत्तदंड सुत्ताच्या आरंभी बुद्ध म्हणतो, की हातात दंड घेतल्याने भय उपजले, भांडणारी ही माणसे पाहा. मला संवेग (मनाला बसलेला हादरा) कसा झाला ते मी सांगतो. आणि मग ती उपमा येते: थोडक्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांच्या विरोधात उभी ठाकलेली प्रजा पाहून माझ्या मनात भय शिरले. धर्मानंद कोसंबी यांनी 1940 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात चार दृश्यांची कथा बाजूला सारून याच सुत्ताकडे वाचकांचे लक्ष वेधले होते. रोहिणीच्या पक्षाला ही ओवी आवडते आणि आवडावी अशीच ती आहे. पण बहुतेक जण ती म्हणून थांबतात. बुद्ध थांबत नाही. तो पुढे म्हणतो, की मग या माणसांच्या हृदयात रुतलेले, दिसायला कठीण असे एक शल्य मला दिसले. ज्याला ते टोचले आहे तो दाही दिशांना धावतो, आणि ते उपटून काढले की धावत नाही. म्हणजे बाहेरच्या कलहापासून निघालेले हे सुत्त हृदयातल्या काट्यापाशी जाते. एक पाठ आतून बाहेर येतो, दुसरा बाहेरून आत जातो. आपण मात्र पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा आरंभ तेवढे घेऊन भांडत बसलो आहोत.

येथे दोन्ही बाजूंचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते मान्य केले पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारलेला प्रश्न बिनतोड आहे: 29 वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे मानायचे? ज्या शाक्यांच्या गणराज्यात शेती हा मुख्य व्यवसाय होता, जेथे वडील कामावर असताना आपण जांभळीच्या सावलीत ध्यानस्थ बसल्याची आठवण बुद्ध स्वतः सांगतो, तेथे राजवाड्याच्या भिंतींनी मरण अडवले होते, हे कवीला शोभते. इतिहास म्हणून ते पदरात घेता येत नाही. दुसऱ्या बाजूनेही तेवढाच प्रामाणिक मुद्दा आहे. रोहिणीचा तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून पाली परंपरेत कोठेही येत नाही. जातकांच्या आणि धम्मपदाच्या अट्ठकथांमध्ये, म्हणजे नंतरच्या पाली टीकाग्रंथांमध्ये, तो प्रसंग आहे, पण तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा. बुद्ध तेथे मध्यस्थ म्हणून येतो. बाबासाहेबांनी तो मागे आणून गृहत्यागाशी जोडला, ही त्यांची मांडणी आहे. पण म्हणून 'बाबासाहेबांनी ग्रंथ वाकवले' असा ओरडा करणाऱ्याने आपण स्वतः कशावर उभे आहोत तेही पाहावे. अश्वघोष बुद्धानंतर काही शतकांनी झाला. त्याने विपस्सीची दृश्ये गौतमाला दिली, ती आपल्या काळाच्या श्रोत्यांना बुद्ध कळावा म्हणून. त्याला काव्याची मुभा आणि बाबासाहेबांना नाही, हा न्याय कोणता?

शिवाय बाबासाहेबांच्या कथेचा पुढचा भाग त्यांचे कैवारीही विसरतात. त्या ग्रंथात सिद्धार्थ बाहेर पडल्यावर शाक्य आणि कोलिय यांच्यात समेट होतो आणि तशी वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचते. परिव्रज्येचे कारणच उरले नाही, तेव्हा त्याने परत फिरावे की नाही? तो फिरत नाही. कारण युद्ध हा कलहाचा केवळ एक भाग असून कलह माणसामाणसांत आणि वर्गावर्गांत अखंड चाललेला आहे, आणि त्याचे मूळ शोधल्याशिवाय परतण्यात अर्थ नाही, असे त्याला वाटते. म्हणजे बाबासाहेबांच्या हातातही रोहिणी हे उंबरठ्याचे नाव आहे, मुक्कामाचे नाही. नदीचे पाणी वाटून झाले तरी जे उरते, त्याचा शोध हाच तेथे विषय होतो.

अट्ठकथेतला मूळ प्रसंग मात्र मुळातून सांगण्यासारखा आहे. जेठ महिना, पिके सुकू लागलेली, बांध एकच आणि शेते दोन्ही काठांवर. कोलियांचे मजूर म्हणतात, पाणी दोघांना पुरायचे नाही, आमचे पीक एका पाण्यात निघेल, तेव्हा पाणी आम्हाला द्या. शाक्यांचे मजूर नेमके तेच म्हणतात. एकाने दुसऱ्यावर हात टाकला, मग शिव्या सुरू झाल्या, आणि शिव्या पाण्यावरून थेट कुळांवर गेल्या: तुम्ही बहिणींशी लग्ने लावणाऱ्यांची अवलाद, तुम्ही बोरीच्या ढोलीत राहणाऱ्या कुष्ठरोग्यांची अवलाद. बोलणे वरपर्यंत गेले आणि दोन्हीकडचे क्षत्रिय शस्त्रे घेऊन नदीवर आले. बुद्धाने विचारले, भांडण कशाचे? राजांना ठाऊक नव्हते. मग उपराजाला विचारले, सेनापतीला विचारले. त्यांनाही सांगता येईना. विचारपूस खाली खाली जात शेवटी राबणाऱ्या दास-मजुरांपाशी पोहोचली तेव्हा कळले, की भांडण पाण्याचे. पाण्याचे मोल किती? थोडे. आणि क्षत्रियांचे? अमोल. ही कथा इतिहास म्हणून कितपत खरी, हा प्रश्न मला येथे गौण वाटतो. तहान ज्यांची होती त्यांना कारण माहीत होते, आणि तलवारी ज्यांच्या हातात होत्या त्यांच्यापाशी फक्त कुळाचा अपमान उरला होता, हे निरीक्षण ज्या परंपरेने जपले तिला समाजातला कलह कळत नव्हता, असे कोण म्हणेल? (आपल्या वार्षिक वादातही कुळे काढण्यापर्यंतची पायरी किती लवकर येते, तेही पाहण्यासारखे आहे.)

यावर चार दृश्यांच्या बाजूने सर्वांत बळकट आक्षेप असा येऊ शकतो. सारनाथच्या मृगदायात पाच तपस्व्यांना दिलेल्या पहिल्या प्रवचनात बुद्धाने दुःखाची व्याख्या केली आहे आणि तीत युद्ध, दारिद्र्य किंवा जुलूम यांचे नावही नाही. जन्म, जरा, व्याधी, मरण, अप्रियाचा संयोग, प्रियाचा वियोग, इच्छिलेले न मिळणे: ही सारी यादी माणूस म्हणून जन्मलेल्या कोणालाही लागू आहे, मग तो राजा असो वा मजूर. तेव्हा बुद्धाचा विषय मानवी अस्तित्व हाच होता, समाज नव्हे. हा आक्षेप हलका नाही. पण व्याख्येनंतर दुसरे सत्य येते, आणि ते दुःखाचे मूळ तण्हेत, म्हणजे तृष्णेत दाखवते. या तृष्णेतून पुढे काय काय निघते, हे दीघ निकायातील महानिदान सुत्तात बुद्धाने आनंदाला एकेक कडी जोडून सांगितले आहे. तृष्णेपोटी धुंडाळणे, धुंडाळण्यापोटी लाभ, लाभातून हे माझे किती आणि त्याचे काय करायचे याचा निर्णय, त्यातून आसक्ती, आसक्तीतून परिग्रह, परिग्रहातून कंजूषपणा, कंजूषपणातून राखण. आणि राखण आली की दंड उगारणे, शस्त्र उचलणे, कलह, तंटा, अरेतुरे, चहाडी आणि खोटे बोलणे. ज्या तृष्णेने माणूस पुन्हा पुन्हा जरामरणाच्या फेऱ्यात सापडतो, तीच तृष्णा कुंपण घालते आणि कुंपणापाशी काठी घेऊन उभी राहते. रोहिणीचा बांध या साखळीच्या बाहेर आहे काय? पहिल्या प्रवचनातली यादी आणि नदीवरचा तंटा ही एकाच झाडाची फळे आहेत, असे खुद्द सुत्तच सांगत असताना आपण त्यांना दोन झाडे समजून फांद्यांवरून भांडावे, हे विचित्र आहे.

आपल्या भाषेतले एक उदाहरण या जागी आठवते. सतराव्या शतकात, 1630 च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबांची एक पत्नी अन्न अन्न करीत गेली, द्रव्य आटले, मान गेला, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात नोंदवले आहे. तुकोबांचे वैराग्य कौटुंबिक शोकातून आले की सार्वजनिक दुष्काळातून, असा वाद आपण घालतो का? घालता येणारच नाही, कारण बायकोच्या मरणाची आणि दुष्काळाची ओळ एकच आहे. मरण घरातले होते आणि त्याचे कारण दख्खनभर पसरले होते. माणसाला दुःख होते तेव्हा ते कोणत्या खात्यात टाकावे, याचा हिशेब तो करीत नाही. तो हिशेब मागाहून आपण करतो, आपापल्या सोयीने.

दुसऱ्या बाजूचा बळकट आक्षेप वेगळा आहे आणि तो अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे, कारण त्याच्यामागे शतकांचा अनुभव उभा आहे. तृष्णा, कर्म आणि पुनर्जन्म यांची भाषा एकदा मान्य केली, की गरिबाला 'तुझे दुःख तुझ्याच पूर्वकर्माचे' असे सांगायला सनातनी मोकळा होतो. म्हणून दुःखाचे मूळ आत दाखवणारी प्रत्येक मांडणी संशयास्पद आहे. बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांबद्दल आणि कर्मसिद्धान्ताबद्दल प्रस्तावनेत प्रश्न उभे केले ते याच चिंतेतून, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांच्यासोबत दीक्षा घेणाऱ्या लाखो माणसांसाठी ही चिंता ग्रंथातली नव्हती, अंगावरची होती. पण या चिंतेचे उत्तर सुत्तांतच आहे. सुख, दुःख किंवा तटस्थता यांपैकी माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत अंगुत्तर निकायात बुद्धाने स्पष्टपणे नाकारले आहे. त्याच्याच पंक्तीला सर्व काही ईश्वराने निर्मिले हे मत आणि सर्व काही विनाकारण घडते हे मतही नाकारले आहे, कारण या तिन्हींमुळे काय करावे आणि काय करू नये हा प्रश्नच बंद पडतो. सीवक नावाच्या परिव्राजकाला तर तो पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बाहेरून होणारे आघात अशी वेदनेची कारणे मोजून दाखवतो. कर्म हे त्यांपैकी फक्त एक. तेव्हा बाबासाहेब ज्या निष्कर्षाला पोहोचले त्यासाठी चार आर्यसत्ये सोडून देण्याची गरज नव्हती, असे माझे मत आहे. कर्माच्या नावाखाली दारिद्र्याला पवित्र ठरवणारी शिकवण बुद्धाची नव्हती, हे त्यांचे म्हणणे मात्र सुत्तांच्या आधाराने पूर्णपणे टिकते.

आणि मग 'कुशल' या शब्दाकडे परत यावे लागते. जे कुशल शोधायला बुद्ध निघाला होता, ते म्हणून त्याला सापडले काय? लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची मुळे, आणि त्यांचा अभाव ही कुशलाची. याची कसोटी काय, हे बुद्धाने आपल्याच मुलाला, लहानग्या राहुलाला सांगितले आहे. भांड्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवून तो म्हणतो, की जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य (भिक्खूपण) एवढेच. मग ते पाणी ओतून टाकतो, भांडे पालथे घालतो आणि रिकामे दाखवतो. आणि पुढे सांगतो, की आरशात पाहावे तसे प्रत्येक कृतीकडे करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहा: हिने मला त्रास होतो का, दुसऱ्याला होतो का, दोघांना होतो का? स्वतः आणि दुसरा ही दोन नावे या कसोटीत एका दमात येतात. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्खू, भिक्खुणी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून धम्माचे सात पाठ सुचवले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश नावाने आहे. त्या यादीत गृहत्यागाच्या कथेला मात्र जागा नाही. ज्या अशोकाने लुंबिनीला जाऊन 'येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले' असा स्तंभलेख कोरवला आणि त्या गावाचा बळी हा कर माफ केला, त्याला बुद्धाच्या चरित्राची आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. पण लोकांनी काय ऐकावे, हा प्रश्न आला तेव्हा त्याने चरित्र बाजूला ठेवले.

पळपुटेपणाच्या आरोपाबद्दल वेगळे फार बोलायला नको. घर सोडून रानात हरवलेल्या माणसाने संघ उभारला नसता, साठ भिक्खूंना 'बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी' वेगवेगळ्या वाटांनी पाठवले नसते, आणि शाक्य कुमार दीक्षेला आले तेव्हा त्यांच्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा देऊन त्या कुमारांना त्याच्यापुढे वाकायला लावले नसते. पण दृश्यांच्या आणि नदीच्या वादात ज्या व्याधीचे नाव सतत घेतले जाते, ती प्रत्यक्ष समोर आल्यावर त्याने काय केले, हे विनयपिटकातल्या, म्हणजे संघाच्या नियमग्रंथातल्या, महावग्गात नोंदलेले आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. विहार पाहत फिरताना बुद्ध आणि आनंद तेथे आले. तुझ्याजवळ कोणी नाही का, असे विचारल्यावर त्याने नाही म्हटले. आणि का नाही, तर मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले आणि खाटेवर ठेवले. नंतर संघ जमवून त्याने भिक्खूंना तोच प्रश्न केला आणि त्यांनीही तेच उत्तर दिले, की तो आमच्या काही कामाचा नाही. तेव्हा, रडणाऱ्या आईवडिलांना मागे ठेवून निघालेला तो माणूस त्यांना म्हणाला, की भिक्खूंनो, येथे तुमची शुश्रूषा करायला तुमची आई नाही आणि बापही नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार?